रोमचे सोने आणि कळव्याची खाडी

प्राचीन भारताने आपल्या मिरीच्या आणि मलमलीच्या बळावर रोमन साम्राज्याचे सोने ओढून घेतले व त्या रक्तस्रावानेच ते साम्राज्य अखेर कोसळले, असे विधान अलीकडे व्यासपीठांवरून मोठ्या आवेशाने केले जाते. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या जी-२० परिषदेत भारत-मध्यपूर्व-युरोप आर्थिक मार्गिकेची घोषणा झाली, त्यानंतर तर या विधानाला जणू राजमान्यताच लाभली आहे. आपल्या पूर्वजांच्या उद्यमशीलतेचा अभिमान बाळगण्यास कुणाची हरकत असण्याचे कारण नाही. परंतु इतिहासाचा हा जमाखर्च जेव्हा वर्तमानकाळातील धोरणांच्या समर्थनार्थ मांडला जातो, तेव्हा त्यातील प्रत्येक रक्कम पुन्हा तपासून घेणे भाग पडते. रोमचे सोने खरोखर कुणाच्या पदरात पडले? आणि रोम खरोखर कशाने पडले?

या प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी रोमला जाण्याची आवश्यकता नाही. पारसिकच्या डोंगराला वळसा घालून उल्हास नदीचे पाणी मुंब्रा, कळवा, ठाणे, घोडबंदर असे करीत वसईपाशी समुद्राला मिळते. कळव्याच्या पुलावरून रोज ये-जा करणाऱ्या लाखो माणसांना ही खाडी आज दिसते ती गाळाने भरलेली, सांडपाण्याने काळवंडलेली आणि रेतीउपशाने पोखरलेली. परंतु हीच खाडी एके काळी कल्याण बंदराची वाट होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास इजिप्तमधील कुणा अनाम ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या सागरी मार्गदर्शिकेत सोपारा, कल्याण आणि चौल ही बंदरे ओळीने येतात. कल्याणविषयी तो जे सांगतो ते मोठे उद्बोधक आहे. थोरल्या सारगानसच्या, म्हणजे बहुधा सातकर्णीच्या, काळी कल्याण हे रीतसर मान्यता असलेले व्यापारी बंदर होते; पुढे ते दुसऱ्या एका सत्ताधीशाच्या हाती गेल्यावर तेथील व्यवहाराची कोंडी झाली आणि चुकूनमाकून तेथे आलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. सातवाहन आणि क्षत्रप यांच्यातील ही जकातीची लढाई होती. ज्याच्या बंदरात गलबत लागेल त्याच्या खजिन्यात जकात पडेल, हा तिचा साधा हिशेब. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ज्या 'मुक्त व्यापारा'चे गोडवे आज गायिले जातात, तो कळव्यावरून जाणाऱ्या वाटेवर तरी मुक्त नव्हता.

रोमच्या सोन्याविषयीची सर्वात प्रसिद्ध तक्रार थोरल्या प्लिनीची. भारत दरसाल साम्राज्याचे पाच कोटी सेस्टर्स गिळतो, आणि भारत, चीन व अरबस्तान मिळून दहा कोटी, असे त्याने नोंदवून ठेवले आहे. प्लिनी हा नीतिवादी होता. रोमन स्त्रियांचा मोत्यांचा हव्यास त्याला खुपत असे. परंतु हाच माल रोममध्ये मूळ किमतीच्या शंभरपट दराने विकला जातो, असेही तो त्याच ठिकाणी सांगतो, आणि आपले अभिमानी वक्ते ती ओळ सोयीस्करपणे गाळतात. शंभरपट नफा हा अतिशयोक्त असेल. पण नफ्याचा मोठा वाटा अलेक्झांड्रियाच्या सावकारांकडे व रोमच्या श्रीमंतांकडे राहत होता, हे त्यावरून उघड होते. शिवाय राज्यसंस्था स्वतः या व्यापारावर पोसली जात होती. तांबड्या समुद्रामार्गे येणाऱ्या पौर्वात्य मालावर पंचवीस टक्के आयातकर होता. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, व्हिएन्ना येथे जतन केलेल्या दुसऱ्या शतकातील एका पपायरसवर केरळातील मुझिरिसहून आलेल्या 'हर्मापोलोन' या एकाच गलबताच्या मालाचा हिशेब आहे. तो सुमारे सत्तर लाख सेस्टर्सच्या घरात जातो. त्यावरील चौथाई म्हणजे किमान सतरा लाख. रोमन शिपायाचा त्या काळचा वार्षिक पगार बाराशे सेस्टर्स धरला, तर एका गलबताच्या जकातीवर चौदाशे शिपाई वर्षभर पोसले जात. ज्याला आपण रक्तस्राव म्हणतो, तो साम्राज्याच्या खजिन्याच्या दृष्टीने रक्तपुरवठाच होता!

आता सोन्याची दुसरी बाजू. भडोचला उतरणाऱ्या आयातीची यादी 'पेरिप्लस'मध्ये दिलेली आहे: इटलीची मदिरा, तांबे, कथील, शिसे, पोवळे, आणि राजासाठी म्हणून वेगळी नोंद केलेली चांदीची मौल्यवान भांडी, गाणारी मुले, अंतःपुरासाठी सुंदर मुली व उंची मद्य. म्हणजे या वैभवशाली व्यापारात माणसेही माल म्हणूनच उतरत होती. निर्यातीकडे पाहावे तर पैठणहून अकीक आणि तगरहून, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील आजच्या तेरहून, साधे कापड व तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांवर लादून बिकट रस्त्यांनी भडोचला जात असे. पैठणपासून भडोच वीस दिवसांची वाट, तगर पैठणच्या पूर्वेस आणखी दहा दिवसांवर. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेली पोसायडनची कांस्यमूर्ती, किंवा इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत १९३८ साली सापडलेली आणि जालना जिल्ह्यातील भोकरदनच्या हस्तिदंती शिल्पाशी नाते सांगणारी स्त्रीमूर्ती, ही त्या व्यापाराची देखणी साक्ष आहे. पण ती श्रीमंतांच्या दिवाणखान्यातील साक्ष आहे.

विणकराचे काय? नाशिकच्या पांडवलेण्यांत नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने भिक्षुसंघासाठी तीन हजार कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवले: दोन हजार एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, आणि एक हजार दुसरीकडे दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. दोन हजारांवर वर्षाला दोनशे चाळीस व्याज, आणि त्यातून वर्षाकाळी लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापणांची चीवरे. हिशेब चोख आहे. व्याजदर मुंबईच्या आजच्या बँकांना लाजवील असा आहे, आणि विणकरांची संघटना राजघराण्याची ठेव विश्वासाने सांभाळू शकत होती, ही त्या समाजाच्या आर्थिक प्रगल्भतेची खूणही आहे. पण दरसाल बारा टक्के व्याज देण्याजोगा वाढावा ज्या मागांवर निर्माण होत होता, त्या मागांवर बसणाऱ्याच्या हाती काय पडत होते, हे लेण्याच्या भिंतीने सांगितलेले नाही. दात्याचे नाव दगडात कोरले गेले, विणणाऱ्याचे नाही.

सातवाहनांची सर्वसामान्य व्यवहारातील नाणी प्रामुख्याने शिशाची आणि पोटिनची, म्हणजे हलक्या मिश्रधातूची होती. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर विजेत्या गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा ठोकलेला आहे. ती चांदी मुळात रोमन नाणी वितळवून आलेली असावी, असा काही अभ्यासकांचा तर्क आहे. तो खरा मानला तर रोमच्या चांदीचा प्रवास स्पष्ट होतो: सम्राटाच्या टांकसाळीतून क्षत्रपाच्या, आणि क्षत्रपाच्या टांकसाळीतून सातवाहनाच्या. बाजारातला माणूस मात्र शिशाच्याच नाण्यावर भाजी घेत राहिला.

येथे आणखी एका लाडक्या आकड्याचा समाचार घेतला पाहिजे. अर्थेतिहासकार अँगस मॅडिसन यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात इसवी सनाच्या आरंभी जगाच्या एकूण उत्पादनात भारताचा वाटा सुमारे तेहतीस टक्के होता असा अंदाज दिला आहे. 'आपण एकतृतीयांश जगाचे धनी होतो' हे वाक्य तेव्हापासून घोषणेसारखे वापरले जाते. परंतु त्याच ग्रंथातील लोकसंख्येचा तक्ता उघडला, तर जगाच्या तेवीस कोटी लोकसंख्येपैकी साडेसात कोटी, म्हणजे साडेबत्तीस टक्के माणसे भारतात होती असे दिसते. दरडोई उत्पादनाचा अंदाज भारतासाठी आणि चीनसाठी नेमका एकच, निर्वाहापुरता ठेवलेला आहे. थोडक्यात, जगातली एकतृतीयांश माणसे येथे राहत होती आणि ती जगापुरतीच गरीब होती, एवढाच या आकड्याचा अर्थ. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला जे दरडोईचे गणित शिकवले जाते, ते मोठमोठ्या वक्त्यांना अवगत नसावे याचे आश्चर्य वाटते.

आता रोमकडे वळू. रोमचा उत्कर्ष हा मुळात व्यापाराचा उत्कर्ष नव्हता. तो विजयाचा, लुटीचा आणि गुलामगिरीचा उत्कर्ष होता. इ.स.पू. १६७ मध्ये मॅसिडोनियाची लूट इतकी आली की रोमन नागरिकांवरील प्रत्यक्ष कर थांबवण्यात आला. प्रांतांनी भरायचे आणि राजधानीने खायचे, ही व्यवस्था तेव्हापासून रूढ झाली. परंतु तिचा पहिला बळी प्रांत नव्हता. तो रोमचाच शेतकरी होता. वर्षानुवर्षे परदेशात लढणाऱ्या शिपाई-शेतकऱ्याची जमीन घरी सावकाराच्या घशात गेली आणि त्या जमिनीवर त्यानेच जिंकून आणलेले गुलाम राबू लागले. सार्वजनिक जमिनीच्या धारणेवर मर्यादा घालून उरलेली जमीन भूमिहीनांना वाटावी, एवढीच टायबेरिअस ग्राकसची मागणी होती. इ.स.पू. १३३ मध्ये सिनेटच्या सदस्यांनी त्याला भर सभेत ठार मारले. बारा वर्षांनी त्याचा भाऊ गायस याचीही तीच गत झाली. कमाल जमीन धारणेचा कायदा १९६१ साली करून तो कसा पोखरला गेला हे पाहिलेल्या महाराष्ट्राला या कथेत अपरिचित असे काही आढळू नये. पुढे इ.स.पू. ७३ ते ७१ या काळात स्पार्टाकसच्या नेतृत्वाखाली गुलामांनी बंड केले, तेव्हा कापुआपासून रोमपर्यंतच्या हमरस्त्यावर सहा हजार बंडखोरांना क्रुसावर चढवण्यात आले. ज्या प्रजासत्ताकाला जमीनसुधारणा झेपली नाही, त्याचे शतकभराच्या यादवीनंतर साम्राज्य झाले, हा अपघात नव्हता.

ऑगस्टसने इ.स.पू. ३० मध्ये इजिप्त घेतले आणि तीन वर्षांनी साम्राज्याची घडी बसवली. त्यानंतरची दोन शतके शांततेची म्हणून गौरविली जातात. रस्ते, कायदा आणि जलवाहिन्या यांचे श्रेय रोमला द्यावेच लागेल. परंतु ट्रेजनच्या मृत्यूच्या वेळी, इ.स. ११७ मध्ये, साम्राज्य विस्ताराच्या परमावधीला पोहोचले आणि नव्या लुटीचा ओघ आटला. सुमारे तीन लाखांपासून वाढत गेलेले खडे सैन्य, दरबार आणि नोकरशाही यांचा खर्च मात्र आटला नाही. १६५ पासून आलेल्या महामारीने माणसे नेली. मग सम्राटांनी तोच उपाय योजला, जो निधी संपलेल्या प्रत्येक सत्तेला सुचतो: नाण्यात भेसळ. ऑगस्टसचा दिनारियस जवळजवळ शुद्ध चांदीचा होता. इ.स. ६४ मध्ये नीरोने कात्री लावली. सेप्टिमिअस सेवेरसच्या काळी चांदी निम्म्यावर आली. २७० च्या सुमारास चांदीचे म्हणवणारे नाणे केवळ पाच टक्क्यांहून कमी चांदीचा मुलामा असलेले तांबे उरले. २३५ ते २८४ या पन्नास वर्षांत वीसहून अधिक सम्राट झाले, बहुतेक सैन्याने बसवलेले आणि सैन्यानेच मारलेले. ३०१ मध्ये डायोक्लेशनने हजाराहून अधिक वस्तूंचे व मजुरीचे कमाल दर ठरवून दिले आणि उल्लंघनास मृत्युदंड ठेवला. माल बाजारातून नाहीसा झाला आणि फर्मान निष्फळ ठरले. त्या फर्मानाच्या प्रस्तावनेत महागाईचे सारे खापर व्यापाऱ्यांच्या लोभावर फोडलेले आहे. टांकसाळीचा उल्लेख नाही. आपल्या तिजोरीच्या पापाकडे काणाडोळा करून साठेबाजाच्या नावाने बोटे मोडणारा डायोक्लेशन हा पहिला सत्ताधीश नसेल. शेवटचा तर खचितच नव्हे.

नाणे निकामी झाल्यावर कर धान्यात आणि श्रमात वसूल होऊ लागला. करासाठी शेतकरी जागेवर हवा, म्हणून ३३२ मध्ये कॉन्स्टन्टाइनने कायदा केला की पळून गेलेल्या कुळाला परत आणावे आणि पळण्याचा संशय येईल त्याला गुलामासारखे बेड्या घालून ठेवावे. स्वतंत्र शेतकऱ्याचे कूळ आणि कुळाचे वेठबिगार कसे होते, हे समजण्यास ठाणे जिल्ह्याला फार लांब जावे लागत नाही. डहाणू-उंबरगावच्या वारल्यांना लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी पती-पत्नींनी सावकाराकडे राबण्याची 'लग्नगडी'ची पद्धत १९४५ च्या उठावापर्यंत ठाऊक होती. कर्ज, जमीन आणि पायातली अदृश्य बेडी यांचे नाते रोमन असो की कोकणी, एकाच जातीचे असते. गॉलमध्ये शेतकऱ्यांनी बंडे केली. पाचव्या शतकात साल्विअन या ख्रिस्ती धर्मोपदेशकाने लिहून ठेवले की करवसुलीच्या जाचाला कंटाळून गरीब रोमन माणसे 'रानटी' टोळ्यांच्या आश्रयाला जात आहेत. श्रीमंत सिनेटर मात्र सवलती मिळवून कर चुकवीत होते. ४१० मध्ये अलारिकने रोम लुटले, ४३९ मध्ये व्हँडालांनी कार्थेज घेऊन आफ्रिकेचे धान्य व महसूल तोडला, आणि ४७६ मध्ये ओडोअसरने अखेरच्या बालसम्राटाला निवृत्त केले. तोवर ज्याचे रक्षण करावे असे बहुसंख्यांना वाटावे, असे काही उरलेच नव्हते. गिबनने या ऱ्हासाच्या इतिहासाचा पहिला खंड १७७६ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच वर्षी अॅडम स्मिथचा राष्ट्रांच्या संपत्तीवरील ग्रंथ निघाला. गिबनने स्मिथचे प्रश्न अधिक विचारले असते, तर ख्रिस्ती धर्माला थोडा कमी दोष मिळाला असता.

मग भारताकडे गेलेल्या सोन्याचे काय? त्या व्यापाराची भरभराट पहिल्या आणि दुसऱ्या शतकातली. म्हणजे साम्राज्य सर्वात बलाढ्य होते तेव्हाची. तिसऱ्या शतकातील अनागोंदीत तो व्यापार रोडावला. कारण आणि परिणाम यांची येथे सरळ अदलाबदल झालेली आहे. त्याहून निर्णायक गोष्ट अशी की भारताशी व्यापार ज्या पूर्वेकडील प्रांतांमार्फत चाले, तो साम्राज्याचा पूर्वार्ध १४५३ पर्यंत टिकला. कोसळला तो पश्चिमार्ध, ज्याच्या बंदरांना मिरीची गलबते कधी थेट लागलीच नव्हती. सोन्याच्या गळतीने रोम मेले असते, तर आधी कॉन्स्टॅन्टिनोपल मेले असते.

आणि कल्याण? ते रोमबरोबर मेले नाही. सहाव्या शतकात कॉस्मस हा अलेक्झांड्रियाचा प्रवासी-व्यापारी कल्याणची गणना भारतातील मोठ्या बाजारपेठांत करतो आणि तेथील तांबे, लाकूड व कापड यांचा निर्देश करतो. सातवाहन सत्ता तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात विरून गेली; पण त्यानंतर नाशिकच्याच लेण्यात आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातील लेखात आजारी भिक्षूंच्या औषधोपचारासाठी पुन्हा श्रेणींकडे, म्हणजे तेली व पाणयंत्रे बनवणाऱ्या कारागिरांकडे, ठेवी ठेवल्याची नोंद सापडते. राजवंश बदलला, रोमची गलबते विरळ झाली, आणि कारागिरांची संघटना व्याज देत राहिली. कान्हेरीच्या लेण्यांत दाते म्हणून कल्याणचे व्यापारी आणि कारागीर नोंदलेले आहेत. ज्या संस्था स्थानिक श्रमावर आणि परस्पर विश्वासावर उभ्या होत्या, त्या साम्राज्यांपेक्षा दीर्घायुषी ठरल्या. सगळीच बंदरे इतकी सुदैवी नव्हती. सोपाऱ्याची खाडी कालांतराने गाळाने भरली. गाळ हा इतिहासाचा दुर्लक्षित सेनापती आहे.

आज त्याच खाडीच्या काठी, कल्याणच्या पलीकडे, भिवंडीचे यंत्रमाग चालतात. बारा-बारा तासांच्या पाळीत, विणलेल्या कापडाच्या मापावर मजुरी घेणारा आणि बहुधा उत्तर प्रदेशातून वा तेलंगणातून आलेला कामगार तेथे उभा असतो. कळव्यापासून दक्षिणेकडे पसरलेल्या ठाणे-बेलापूर पट्ट्यात १९६० च्या दशकापासून जे कारखाने उभे राहिले, त्यांपैकी अनेक बंद पडून त्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचे जे झाले ते सर्वश्रुत आहे. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात हूथींचे हल्ले सुरू झाले आणि जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील शुल्क पन्नास टक्क्यांपर्यंत नेले. तेव्हा पहिला फटका बसला तो सुरतेच्या हिरे-कारागिराला आणि तिरुपूरच्या शिवणकामगाराला. दूरच्या बाजारपेठेवर उभे राहिलेले वैभव त्या बाजारपेठेच्या लहरीवर पडते, आणि पडताना सर्वांत खालच्या माणसाच्या अंगावर पडते. ९ जून २०२५ रोजी कळव्याच्या पुढच्याच मुंब्रा स्थानकाजवळ गच्च भरलेल्या गाड्यांच्या दारांत लोंबकळणारे प्रवासी रुळांवर पडून मेले. ते याच महानगराच्या वैभवाचे वाटेकरी म्हणून मोजले जात होते.

उषवदाताच्या त्या लेखांत आणखी एक नोंद आहे. इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा आणि दहाणुका या नद्यांवर त्याने लोकांना पार होण्यासाठी विनामूल्य नावांची व्यवस्था केली. दहाणुका म्हणजे आजचे डहाणू. त्याच डहाणूजवळ वाढवण येथे सुमारे ७६ हजार कोटी रुपयांच्या महाबंदराची कोनशिला ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये बसवण्यात आली. त्याच्या जाहिरातींतही भारताच्या प्राचीन सागरी वैभवाला स्थान मिळते. बंदराच्या भरावाखाली जाणारा समुद्र हे ज्यांचे शेत आहे, त्या किनाऱ्यावरच्या मच्छीमारांच्या संघटना वर्षानुवर्षे त्याला विरोध करीत आल्या आहेत. बंदर झाल्यावर त्यांच्या होड्या कोठून जातील आणि जाळी कोठे पडतील, हा त्यांचा प्रश्न आहे.